आत्म्याचे वजन आणि बाद नोंदी

महोदय,

मृत्यूनंतरच्या अस्तित्वाचा वैज्ञानिक शोध सांगणाऱ्या पुस्तकांची परीक्षणे वाचताना ‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम’ हे वाक्य हटकून भेटते. आकडा आला कुठून, हे मात्र क्वचितच छापले जाते. अमेरिकेतील हेव्हरहिलचे डॉ. डंकन मॅकडूगल यांनी मरणासन्न रुग्णांची खाट तराजूवर ठेवून वजने घेतली आणि १९०७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण सहा. त्यांतल्या दोघांच्या नोंदी त्यांनी स्वतःच बाद केल्या. एकाच्या वेळी तराजू नीट जुळला नव्हता, दुसरा तो जुळवत असतानाच दगावला. पाऊण औंसाची, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमची घट फक्त पहिल्या रुग्णाची. उरलेल्या तिघांचे आकडे निराळे आणि त्यांतल्या दोघांचे वजन काही मिनिटांनी आणखी उतरले.

घाम व श्वासातील ओलाव्यामुळे पहिल्या रुग्णाचे वजन तासाला सुमारे २८ ग्रॅमने घटत होते, हेही मॅकडूगल यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांच्या तराजूला ०.२ औंसापेक्षा, म्हणजे साडेपाच-सहा ग्रॅमपेक्षा कमी फरक कळत नव्हता. प्राण नेमका कधी गेला, हे ठरवायला ईसीजी नव्हता. मग ‘त्याच क्षणी घटले’ या म्हणण्याला आधार कशाचा? पुस्तक हे सारे सांगते का, हे परीक्षकाने आधी पाहायला हवे.

हृदय बंद पडून वाचलेल्यांना त्या वेळचे काय आठवते, हे तपासणारा डॉ. सॅम पार्निया व सहकाऱ्यांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला ‘अवेअर’ अभ्यास कितीतरी काटेकोर. १५ रुग्णालयांतील हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटना त्यात होत्या. शरीराबाहेर पडून वरून पाहणाऱ्यालाच दिसतील अशी चित्रे उंच फळ्यांवर ठेवली होती. मुलाखती झाल्या १४० जणांच्या. आपल्यावरचे उपचार पाहिल्याचे आणि ऐकल्याचे स्पष्ट आठवणारे दोघेच, आणि दोघांचेही हृदय बंद पडले ते फळ्या नसलेल्या ठिकाणी! म्हणजे चित्रांची कसोटी लागलीच नाही. हा अभ्यास ना पुरावा ठरतो, ना खंडन.

पुनर्जन्माच्या प्रकरणांत तर एकच प्रश्न पुरतो: मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलाचे बोलणे त्याचे आताचे आणि कथित मागच्या जन्मीचे अशी दोन्ही कुटुंबे भेटण्यापूर्वी कोणी लिहून घेतले होते का?

परीक्षणे छापताना आकड्याशेजारी रुग्णसंख्या आणि बाद केलेल्या नोंदीही द्याव्यात, ही विनंती.

– एक वाचक