दुबईच्या भाईंना, ओपससमोरच्या अर्ध्या तासाबद्दल

भाई,

स. न. वि. वि.

हे पत्र मी फोनला बोलून लिहितोय. बोललेलं टाइप करायची सोय मुलीनं करून दिली आहे. बायको शेजारी बसून वाचून दाखवते आणि चुका सांगते. एक चूक मात्र काही केल्या सुधारत नाही. मी ‘ओपस’ (तुमचं हॉटेल आहे ती दुबईतली इमारत) म्हटलं की फोन ‘हापूस’ लिहितो. तुम्ही दापोलीकडचे, तुम्हाला हे आवडेल म्हणून सांगितलं.

तुमचं नाव मी घालणार नाही. ड्युटीवर असताना एका पाहुण्याबरोबर अर्धा तास रस्त्यापलीकडे उभे होतात, हे कुणाला खटकायला नको. हॉटेलला पत्र पाठवलं नाही तेही त्याचसाठी. नाव विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, “भाई म्हणा, इथं सगळे तेच म्हणतात.” तर भाईच.

तुम्हाला मी घाईत जे सांगितलं ते आता नीट सांगतो. मी सांगलीचा. पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागलो आणि आरेखक म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, रोट्रिंग पेन आणि ट्रेसिंग पेपरवर. रेघ चुकली तर ब्लेडनं अलगद खरवडायची आणि पुन्हा मारायची. फ्रेंच कर्व्ह, म्हणजे वळणं काढायची पट्टी, खणातून क्वचित निघायचा, बहुतेक वेळा धरणाच्या सांडव्याचा ओगी, म्हणजे पाणी ज्यावरून घसरतं ते एस आकाराचं वळण, काढताना. बाकी कालवे, पाटचाऱ्या, मोऱ्या, सगळं सरळसोट.

निवृत्तीनंतर डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग खराब व्हायला लागला. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. डोळ्यात इंजेक्शनं झाली, अजून होतात. दोन्ही डोळ्यांनी कडेचं दिसतं, मधलं जातं. समोर माणूस असेल तर त्याचे कान दिसतात, चेहरा नाही. चालता येतं, वाचता येत नाही. घरी डॉक्टरांनी दिलेला एक तक्ता आहे, अ‍ॅम्सलर ग्रिड. 5 मिलिमीटरचे चौकोन, आडवे 20, उभे 20, मधोमध एक टिंब. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं आणि बिघाड वाढलाय का ते ठरवायचं. निरोगी माणसाला तो साधा ग्राफ पेपर दिसतो. मला कडेचे चौकोन ठीक दिसतात, आत जावं तशा रेघा वाकत जातात आणि मधे भोक. जन्मभर ज्या कागदावर काम केलं तोच कागद असा वाकलेला बघायचा, रोज, चहाच्या आधी. याचं वाईट वाटून झालं. आता नुसती चीड येते.

मुलगी दुबईत नोकरीला आहे. आमच्या लग्नाला 40 वर्षं झाली म्हणून तिनं तुमच्या हॉटेलात दोन रात्री घेतल्या. तिच्या घरापासून टॅक्सीनं वीस मिनिटांवर आईबापांना हॉटेलात ठेवायचं म्हणजे उधळपट्टीच, पण तिला एक गोष्ट आठवत होती. 2007 साली ओपसचं डिझाइन जाहीर झालं, तेव्हा मासिकातलं त्याचं चित्र कापून मी ऑफिसच्या टेबलावर काचेखाली ठेवलं होतं. काचेचा एक चौकोनी ठोकळा आणि त्याच्या पोटातून काहीतरी वितळून गेल्यासारखी आरपार पोकळी. आमच्या साहेबांनी ते बघून विचारलं होतं, “हे डिझाइन आहे की उंदरानं कुरतडलंय?” तेरा वर्षांनी, 2020 मध्ये, त्यात हॉटेल सुरू झालं. तोवर माझे डोळे उतरणीला लागले होते.

येताना विमानतळावर एक किस्सा झाला. (कुठला ते सोडा.) मी कमी दिसतं असं सांगितल्याबरोबर मला व्हीलचेअरवर बसवायला निघाले. मी म्हटलं, डोळे गेलेत, पाय नाही. शेवटी बायकोची पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मी मागून ढकलत गेलो. हे एवढ्यासाठी सांगतोय की कमी दिसणाऱ्या माणसाला सगळे एकच विचारतात: किती दिसतं? निम्मं? पाव? हे किती बोटं? उत्तर काय देणार? मी दोन म्हणतो. बऱ्याचदा बरोबर येतं.

पहिल्या रात्री बायको दहालाच झोपली. मला झोप येईना. खोलीत हात लावीन तिथं वळण होतं, भिंतीला, बिछान्याच्या कडेला. नंतर मुलीनं सांगितलं की या एकाच हॉटेलात इमारत आणि आतली सजावट दोन्ही झाहा हदीद या आर्किटेक्टबाईंची आहे, अगदी बिछान्यापर्यंत. मला ते कळलं गुडघ्यावरून. आमच्या घरी पलंगाचा कोपरा रात्री हमखास लागतो, इथं लागायला कोपराच नव्हता.

साडेअकराला मी एकटाच लॉबीत उतरलो. ती पाकळ्यांसारखी मोठमोठी आसनं आहेत ना, त्यांतल्या एकाला वळसा घालून दाराकडे जायचं होतं. वळसा घालत घालत मी पुन्हा तिथंच आलो. दोनदा. तिसऱ्यांदा तोंडून “आयला” निघालं आणि मागून तुमचा आवाज आला, “काका, कुठले तुम्ही?”

मी सांगितलं. डोळ्यांचंही सांगितलं, आणि आता ‘किती’ येणार म्हणून तयार होतो. तुम्ही विचारलंत, “म्हणजे नेमकं काय दिसतं तुम्हाला?”

भाई, माझ्या आजाराला सहा वर्षं होऊन गेली. डॉक्टर सोडले तर हे कुणी विचारलं नव्हतं. बायकोनंही नाही, आणि ती आत्ता हे वाचताना थांबली आहे. मी तुम्हाला भोक सांगितलं, वाकलेल्या रेघा सांगितल्या, कडेचं शाबूत आहे हे सांगितलं. तुम्ही थोडा विचार केलात आणि म्हणालात, “मग तुम्हाला समोर उभं करून उपयोग नाही. तिरकं उभं करायला पाहिजे.” हे तुम्हाला कुठून सुचलं, मला अजून कळलेलं नाही. तुमच्या आईला काचबिंदू आहे म्हणालात, पण त्यात उलटं होतं, कडेचं आधी जातं.

हात न ओढता कोपर पुढे केलंत. अर्धं पाऊल पुढे राहिलात. पण दाराकडे जाण्याआधी माझा हात धरून एका वळणावर टेकवलात आणि वरून खाली फिरवू दिलात. आधी उतार हळू, मग झपकन खाली, आणि तळाशी पुन्हा आडवं होत बाहेर. मी म्हटलं, अहो, हा तर सांडव्याचा ओगी! तुम्ही म्हणालात, “असेल काका. आम्ही त्याला फक्त पुसतो.”

बाहेर आल्याबरोबर चष्मा धुरकटला. तुमच्याकडं एसीतून बाहेर पडलं की हे होतंच म्हणून तुम्ही आधीच टिश्यू काढून ठेवला होता. मग रस्ता ओलांडून मला उभं केलंत, खांद्याला धरून थोडं डावीकडं, आणखी थोडं डावीकडं, मान उजवीकडं नको, तशीच ठेवा. “त्या तिकडच्या दिव्याकडं बघा, इमारतीकडं बघू नका.” आणि इमारत माझ्या नजरेच्या शाबूत कडेत येऊन बसली.

चौकोनी काचांच्या सरळ ओळी, आडव्या आणि उभ्या, ग्राफ पेपरसारख्या. आत जावं तशा त्या वाकत जातात. मधे भोक, आठ मजल्यांचं, आणि त्याच्या काचांतून दिवे सरकतायत. मी तुम्हाला म्हटलं, अहो भाई, हा माझा तक्ता आहे. तुम्हाला तेव्हा काही कळलं नसेल. मी हसत होतो, तुम्ही घाबरलात, पाणी आणू का म्हणालात.

म्हणून वर तो तक्ता एवढा समजावून सांगितला. रोज सकाळी मी जे बिघडलेलं बघतो, ते कुणीतरी 93 मीटर उंच, मुद्दाम, काच कापून, खर्च करून उभं केलं होतं. तुम्हाला विचारलं, रेघा खरंच वाकतायत की मला तशा दिसतायत? तुम्ही म्हणालात, “खरंच वाकतायत काका, मला पण तसंच दिसतंय.” हे वाक्य बायकोला मी तीनदा टाइप करायला लावलं, फोन नीट लिहीत नव्हता म्हणून.

आकडे तुम्ही घडाघडा सांगितलेत, पाहुणे विचारतात म्हणून पाठ. पोकळीला 4,300 काचा, काही सपाट, काही एका बाजूनं वाकलेल्या, काही दोन्ही बाजूंनी. दोन टॉवर, खाली चार मजल्यांच्या अंगणानं जोडलेले आणि वर 71 मीटरवर तीन मजली पुलानं. पूल 38 मीटर रुंद. आमच्या खात्यात 71 मीटर म्हणजे चांगलं दांडगं धरण. दोन्ही बाजूंनी वाकलेली काच म्हणजे काय, हे ज्यानं ट्रेसिंगवर साधा कर्व्ह जुळवायला दुपार घालवली आहे त्याला विचारा. प्रत्येक काचेचं माप वेगळं असणार. कॉम्प्युटर नसता तर मी असे ड्रॉइंग काढायला नकारच दिला असता.

मग तुम्ही विचारलंत, “मॅडम उद्घाटनाला आल्या असतील ना?” मी सांगितलं, नाही. बाई बगदादच्या, 1950 चा जन्म, 2004 ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचा सगळ्यात मानाचा पुरस्कार, मिळवणाऱ्या पहिल्या बाई, आणि मार्च 2016 मध्ये गेल्या. हॉटेल सुरू व्हायच्या चार वर्षं आधी. तुम्ही जरा वेळ गप्प. मग म्हणालात, “म्हणजे पूर्ण झालेलं त्यांनी कागदावरच बघितलं.” सुरुवातीची कितीतरी वर्षं त्यांना ‘कागदावरची आर्किटेक्ट’ म्हणून हिणवत, कारण चित्रं गाजायची आणि बांधायला कुणी घ्यायचं नाही. हे त्या वेळी तुम्हाला सांगणार होतो, पण तुमचा ब्रेक संपत आला होता. मी काढलेले दोन कालवेसुद्धा अजून कागदावरच आहेत, पण ते वेगळ्या कारणानं.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो, तुम्ही उभं केलं होतं त्याच फरशीवर. दिवसा काचेत आभाळ आणि आजूबाजूचे टॉवर दिसतात, मधली पोकळी वेगळी कळते. तिला म्हटलं, मला घरातला दरवाजा कसा दिसतो विचारत होतीस ना कधी? (ती विचारत नव्हती.) असा दिसतो. ती बराच वेळ बघत राहिली. तेव्हापासून घरात एक फरक पडलाय. ताटात भाजी कुठं आहे ते ती सांगत नाही, वाटी जरा डावीकडं सरकवून ठेवते.

निघताना तुमची ड्युटी संपली होती, कंपनीच्या बसची वेळ झाली म्हणून घाईत होतात. पाकीट पुढे केलं तर घेतलं नाहीत. तुमचा चेहरा मला ठाऊक नाही. बायको म्हणते दाढी आहे, पुढचा एक दात किंचित वाकडा आहे. म्हटलं, चालेल.

मे महिन्यात गावी येणार म्हणालात. दापोलीहून सांगली लांब आहे, कुंभार्ली घाट चढून यावं लागेल, तरी या. सकाळी लवकर या, म्हणजे तक्ता दाखवतो. आईसाठी सांगलीची हळद बांधून ठेवली आहे, दोन किलो. येताना काही आणू नका असं म्हणायची पद्धत आहे, पण फोन इतक्यांदा हापूस लिहितोय की बायको म्हणते, एक पेटी सांगून टाका.

कळावे, लोभ असावा.

सांगलीचे काका