विषय: अर्धवट बंद केलेली मालिका, गायब केलेले 19 भाग आणि माझे 899 रुपये

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

मालिका कुठली ते सांगत बसत नाही. भाड्याच्या एका खोलीभोवती फिरणारी चार पोरं: एक फौंड्रीत, एक टेम्पोवर, एक पेट्रोल पंपावर, चौथी साडीच्या दुकानात. तुम्हीच काढली, तुम्हीच 19 व्या भागाला गुंडाळली. भिशीचा डबा रिकामा सापडला, चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि खाली 'क्रमशः'. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला सासू, सून आणि एक भलामोठा जिना.

चॅनलवर ती तुम्ही रात्री दहावरून साडेअकराला ढकलली, मग रविवारी दुपारी. आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी. म्हणून 899 रुपये भरून ॲपचा वर्षाचा पॅक घेतला. पॅकच्या जाहिरातीवर त्या चौघांचाच फोटो होता, हे लक्षात असू द्या. त्यातले सात महिने अजून उरलेत. आणि आता ॲपवरून जुने 19 भागही काढून टाकलेत. पुढचे केले नाहीत ते एक, पण दाखवून झालेलेसुद्धा परत घ्यायचे?

काल सहाव्यांदा फोन केला. तुमच्याकडं रेकॉर्डिंग असतं म्हणे, तर पडताळून बघा.

तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, मालिकेला प्रेक्षक नव्हता."

मी म्हटलं, "उद्यमनगरात आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत सात जण बघत होतो. टूलबॉक्सला मोबाईल टेकवून."

टकटक टाइपिंग. "सर, तुमच्या खात्यावर एकच प्रेक्षक दिसतोय."

"मोबाईल एक आहे. माणसं सात."

परत टाइपिंग. मला वाटलं, चला, सात लिहून घेतायत. तर म्हणाले, "सर, तुमचा प्लॅन एका व्यक्तीसाठी आहे. असं सगळ्यांनी मिळून बघणं नियमात बसत नाही. खातं बंद होऊ शकतं."

म्हणजे फिर्यादी मी आणि आरोपीही मीच. नाद खुळा! वर आवाज खाली आणून, लहान पोराची समजूत काढावी तसं, "सर, अशा मालिका बघणारा वर्ग पैसे भरत नाही हो."

मग मी काय चिंचोके भरले?

टीआरपीचं यंत्र निवडक घरांतच बसवलेलं असतं, एवढं मलाही कळतं. पण त्या यंत्राच्या रिमोटवरसुद्धा घरातल्या प्रत्येक माणसाचं वेगळं बटण असतं. तुमच्या ॲपला तेवढीही अक्कल नसावी?

राग आवरून लिहायचं ठरवलं होतं, पण राहू दे. बाकीच्या मालिकांत कारखाना म्हणजे मालकाची केबिन. ह्या मालिकेतला पोरगा व्हर्निअर हातात धरायचा तो मोजायला, कॅमेऱ्याला दाखवायला नव्हे. रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे, पैसे पगारातून कापल्यावर तो मालकाची नक्कल करतो त्या भागाला आमचा हेल्पर घास हातात धरून तसाच थांबला, आणि मग असा हसत सुटला की ठसका लागला. गेल्याच महिन्यात त्याचेही कापले होते. तो भाग त्याला परत बघायचा होता. तोही काढलात. 19 च्या 19 काढलेत.

बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा ह्याच गावात स्वतः घडवला. प्रभात कंपनी 1929 साली इथंच उभी राहिली. कोल्हापूरच्या माणसाला 'तुम्ही प्रेक्षक नाही' म्हणून सांगताना जरा विचार करायचा होता. तुमचं चॅनल आमच्या घरात सुरुवातीपासून लागतंय. आई अजून लावते. मी उठून बाहेर जातो.

पंधरा दिवसांत उरलेल्या सात महिन्यांचे पैसे परत करा, नाहीतर ते 19 भाग जागेवर ठेवा. दोन्ही होत नसेल तर आधी 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार आणि मग कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथं फी लागत नाही, चौकशी करून आलोय. सही करायला सात जण येतील, तेव्हा तुम्ही मोजा.

आणि हे कुठल्या नियमात बसत नसेल तरी लेखकाला विचारून एवढं कळवा, भिशीचे पैसे घेतले कुणी? आमच्यात पंपावरच्या पोरावर संशय आहे. मला तसं वाटत नाही.

आपला ग्राहक (अजून सात महिने),
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर