गोळी सोडा

शहापूर, बेळगाव
रविवार

प्रिय बाळ्या,

तब्येत बरी आहे, बीपीचं औषध चालू. दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही, चूक माझीच.

परवा नातवाला घेऊन खडेबाजारात गेलो होतो. ऊन रणरणतं. दुकानात म्हटलं, दोन गोळी सोडा दे. पोरगं पुण्यात वाढलेलं. म्हणालं, "आजोबा, गोळी कानडी झालं. गोटी सोडा म्हणा." बाटली हातात तशीच राहिली बघ. हेच वाक्य तू तुझ्या पोरीच्या लग्नात चारचौघांत बोललास आणि मी न जेवता उठलो.

तुला वाटलं असेल, सोड्यावरून एवढा राग? १९५६ पासून इथं आपली माणसं मराठी म्हणून लढत आली. माझ्या बापाचं आयुष्य त्यातच गेलं. आणि कोल्हापूरला गेलेला माझाच दोस्त माझी मराठी बाटली म्हणतो! लागलं रे.

कानडीत गोटीला गोली म्हणतात, कबूल. पण औषधाची गोळी, बंदुकीची गोळी, ती कुणाची? रामनवमीला शेजारच्या कानडी काकू गूळ-सुंठीचं पानक द्यायच्या, आई चैत्रात कैरीचं पन्हं करायची. पन्हं हा शब्द त्या पानकातूनच आलाय. आणि दोन्ही घरची भांडी रिकामी कोण करायचा? तूच की! बाटली तर दोघांचीही नव्हे, हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ सालची. गॅसच्या जोरानं गोळी वर रबराला घट्ट बसते, अंगठ्यानं दाबली की फुस्स. त्या आवाजासाठी आपण शाळेची फी मोडली होती, आठवतं?

अमेरिकेतलं तुझ्या पोरीलाच विचार. शिकागोत पॉप म्हणतात, न्यूयॉर्कला सोडा, आणि खाली दक्षिणेत बाटलीत काहीही असू दे, कित्येकजण कोकच म्हणतात. म्हणून कुणाची इंग्रजी बाटत नाही.

हे सगळं नातवाला सांगायला हवं होतं. तोंडच उघडलं नाही. आजोबाची मराठी चुकीची, एवढंच घेऊन तो पुण्याला गेला. आता फोनवर माझ्याशी हिंदीमिश्रित बोलतो, त्यात मी काय चुकलो म्हणायचं? रात्री झोप लागत नाही.

तू काय करालास तिकडं? गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

मे महिन्यात पोरगं परत येणार आहे. तेव्हा तू ये. आणि त्याच्यासमोर, त्याच दुकानात, गोळी सोडा माग.

तुझाच,
दादू