घरी सोडण्याआधी कूस बदलायला शिकवा

संपादक महोदय,

मेढ्यात माझी पिठाची गिरणी आहे. 50 किलोचं पोतं एकट्यानं उचलायची मला तीस वर्षांची सवय आहे. पण गेल्या जूनमध्ये माझ्या 83 वर्षांच्या आईला, जिचं वजन जेमतेम 41 किलो भरलं होतं, खाटेवर नुसतं वर सरकवायचं कसं हे मला येईना. त्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

न्हाणीत पाय घसरून आईचा खुबा मोडला. साताऱ्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. सातव्या दिवशी घरी सोडलं. फाइल, एक्स-रे, औषधांची पिशवी हातात दिली, कुठली गोळी जेवणाआधी नि कुठली नंतर हे दोनदा समजावलं. पण तिला कुशीवर कसं वळवायचं, अंथरुणातच लघवी झाली तर खालची चादर कशी काढायची, भरवताना मान कशी ठेवायची, यातलं अक्षरही कोणी सांगितलं नाही. आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. 'जास्त हलवू नका' एवढं कोणीतरी म्हणाल्याचं डोक्यात होतं, म्हणून आम्ही तिला हलवलंच नाही.

बाराव्या दिवशी माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. जावळीतला पाऊस, चादरी वाळत नव्हत्या, अंग सारखं ओलसर. आम्हाला वाटलं घामोळं असेल. बायकोनं खोबरेल तेल लावून चांगलं चोळलं. मी मेडिकलमधून हवा भरायची रिंग आणून खाली दिली. दोन्ही मायेनंच केलं आणि दोन्ही चुकलं. चार दिवसांत कातडी सुटली आणि खाली जखम दिसली.

आमच्या आळीतल्या एक निवृत्त सिस्टर त्या दिवशी ज्वारी दळायला आल्या होत्या. मी बोलता बोलता सांगितलं, तर डबा तिथंच ठेवून त्या घरी आल्या. आधी त्यांनी आईच्या टाचा बघितल्या. तिथंही लाली धरली होती. अंगठ्यानं दाबून दाखवलं: दाबल्यावर जागा पांढरी पडून परत लाल होत असेल तर रक्त खेळतंय, लालच राहिली तर आत इजा सुरू झाली. अशा जागी चोळायचं नाही. रिंगही काढायला लावली, तिच्या कडेचा दाब पडून तिथलं रक्त अडतं म्हणाल्या. मग आईचंच एक जुनं लुगडं मागवून चौपदरी केलं आणि खांद्यापासून मांडीपर्यंत तिच्या अंगाखाली घातलं. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला बायको. कडा गुंडाळून मुठीत धरल्या, 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि आई अलगद उचलली गेली. कातडी कुठं घासली नाही, हिसका बसला नाही. "आता नाय दुखलं," आई म्हणाली. इतके दिवस आम्ही तिला काखेत हात घालून ओढत होतो.

पाठीशी उशी लावून थोडं कलतं ठेवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, पाय एकावर एक जाऊ नयेत म्हणून गुडघ्यांमध्ये उशी. पोटरीखाली घडी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. भरवायचं ते बसतं करून, आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, नाहीतर ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. हे सगळं शिकवायला सिस्टरांना वीस मिनिटं लागली. जखम भरायला अडीच महिने गेले. तेवढे दिवस कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'डावी, उताणी, उजवी' असं वेळेसकट लिहीत होतो. रात्री बारा आणि दोनचा गजर बायकोचा, चारचा माझा.

त्याच सुमारास माझ्या पुतणीला मुलगी झाली. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन गेल्या. बाळाचं वजन केलं, ताप बघितला, अंगावर कसं पाजायचं ते पुतणीला शेजारी बसून दाखवलं. सरकारनं हे दिवस ठरवूनच दिलेत. किती चांगली गोष्ट आहे! मग मोडलेलं हाड घेऊन घरी आलेल्या म्हातारीसाठी असे दिवस का ठरवता येऊ नयेत? ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम 2010-11 पासून आहे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी भेट देणं आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवणं त्यात लिहिलेलं आहे. आमच्या दारी मात्र कोणी आलं नाही. केरळनं 2008 मध्येच अंथरुणाला खिळलेल्या, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या शुश्रूषेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि तिथं पंचायतीमार्फत नर्स अशा रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे 70 वर्षांवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले, त्याचा आनंदच आहे. पण ते रुग्णालयाचं झालं. खरी कसोटी घरच्या खाटेपाशी लागते.

वॉर्डातल्या सिस्टरांवर किती रुग्णांचा भार असतो ते मी सात दिवस डोळ्यांनी बघितलंय, त्यांना दोष देत नाही. माझी आरोग्य खात्याला आणि सगळ्या रुग्णालयांना विनंती एवढीच आहे की, ज्याला उठता येत नाही अशा वृद्ध रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर सही करण्याआधी घरच्या एका माणसाकडून कूस बदलणं, चादर काढणं आणि भरवणं एकदा तरी स्वतःच्या हातानं करून घ्यावं. शिकवायला वेगळं माणूस नेमावं. घरी गेल्यावर पहिल्या महिन्यात आशाताईंच्या भेटी ठेवाव्यात, आणि त्याचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा.

आई आता वॉकर धरून ओसरीपर्यंत येते. मेढा परिसरात कोणाच्या घरी असं माणूस झोपून असेल तर माझ्या गिरणीवर यावं, दुपारी एक ते चार मी मोकळा असतो. घरी येऊन दाखवीन. एक जुनं मऊ लुगडं तेवढं काढून ठेवावं.

आपला एक वाचक,
मेढा (ता. जावळी, जि. सातारा)