ईस्टर सोमवारचं पत्र

प्रिय आई, बाबा आणि आत्या,

प्रभू येशूच्या नावानं सलाम. ख्रिस्त उठला आहे! पुढचं ‘खरोखर उठला आहे’ तुम्ही तिकडं मोठ्यानं म्हणा.

मी बरी आहे. आई, व्हिडिओवर माझा चेहरा उतरलेला दिसतो तो या खोलीतल्या दिव्यामुळं. वजन घटलेलं नाही, थंडीचे कपडे भरपूर आहेत, आणि वॉर्डात सगळ्या माझ्याशी चांगल्या वागतात. ड्यूटीचं, खोलीचं तुम्हाला ठाऊकच आहे. आज इथं जर्मनीत ईस्टर सोमवारचीसुद्धा सरकारी सुट्टी असते, दुकानं बंद आहेत आणि मलाही सुट्टी मिळाली आहे, म्हणून निवांत बसून लिहिते.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तिकडं ईस्टरचा अर्थ कुणाच्या ध्यानात तरी आहे का, का नुसती चॉकलेटं वाटतात?” मागं कुकरच्या शिट्ट्या, आत्याचं बोलणं, त्यात मी नुसतं ‘आहे, आहे’ म्हणून मोकळी झाले. तो प्रश्न मनातून गेला नाही.

आधी चॉकलेटांचं सांगते, कारण ते सगळं ससा करतो. खरंच, जर्मनीतल्या लहान मुलांना सांगतात की ईस्टरची अंडी ससा आणून देतो. आपला पाळीव ससा नव्हे, शेतातला लांब कानांचा रानससा. शनिवारी रात्री आईवडील रंगवलेली अंडी आणि चॉकलेटचे ससे बागेत लपवतात, झुडपाखाली, कुंडीमागं, पाऊस असला तर घरातच सोफ्याखाली. रविवारी सकाळी मुलं टोपल्या घेऊन ती शोधतात. मोठी माणसंसुद्धा गंभीर चेहऱ्यानं ‘ससा येऊन गेला वाटतं’ म्हणतात. शिवाय फांद्या आणून फुलदाणीत लावतात आणि त्यांना आतून रिकामी केलेली रंगीत अंडी टांगतात. आमच्या वॉर्डाच्या प्रत्येक वळणावर अशी फांदी आहे. मी कारण विचारत सुटले. अंड्यांचं समजण्यासारखं आहे. पूर्वी चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत, कोंबड्या मात्र अंडी घालत राहायच्या. मग ती उकडून ठेवायची आणि ईस्टरला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद मागून खायची. सशाचं कोडं जुनं आहे. १६८२ साली हायडेलबर्गच्या एका डॉक्टरनं लिहून ठेवलंय की इकडच्या काही भागांत ससा अंडी लपवतो असं मुलांना सांगतात. म्हणजे साडेतीनशे वर्षं होत आली. वसंतात रानससे गावाजवळच्या शेतात दिसायला लागतात, म्हणून तो आला असावा असं इथल्या बायका सांगतात. बाबा, तुम्हाला हे पटायचं नाही. मला एवढंच वाटतं की सशाच्या निमित्तानं का होईना, ईस्टरच्या सकाळी अख्खं घर लवकर उठून काहीतरी शोधायला बाहेर पडतं.

आमच्याकडं नव्वदीतल्या एक पेशंट आजी आहेत. लढाईनंतर त्यांच्या लहानपणी रंग मिळायचे नाहीत, तेव्हा त्यांची आई कांद्याच्या सालींनी अंडी रंगवायची. त्यांनी मला ते शिकवलं. पांढऱ्या अंड्यावर पार्सलीचं पान ओलं करून चिकटवायचं, जुन्या पायमोज्याच्या जाळीत अंडं घट्ट बांधायचं आणि कांद्याच्या साली घालून उकळायचं. सोडलं की अंडं विटकरी होतं आणि पानाची पांढरी नक्षी तेवढी राहते. वरून चरबीचा हात फिरवला की चकाकतं. मी पार्सलीऐवजी कोथिंबीर वापरली. आजींनी ते अंडं बराच वेळ हातात धरून ठेवलं, मग म्हणाल्या की आता कबर उघडायची, आणि टेबलावर टकटक करून फोडलं. कवच म्हणजे थडगं, हे त्यांना त्यांच्या आईनं सांगितलेलं. अर्थ कुणाच्या ध्यानात आहे का, याचं माझ्याकडचं पहिलं उत्तर हे.

आणि उत्तम शुक्रवार. बाबा, ‘तिकडची चर्चं रिकामी असतात’ असं तुम्हाला सगळे सांगतात. असतात, एरवीच्या रविवारी पुष्कळ रिकामी असतात, ते मी नाकारत नाही. पण आमच्या या राज्यात, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारी संध्याकाळपर्यंत नाचाच्या सार्वजनिक कार्यक्रमांना कायद्यानंच बंदी असते. कॅथलिक चर्चच्या घंटासुद्धा गुरुवारनंतर गप्प राहतात, त्या थेट ईस्टरच्या रात्री वाजतात. माझी त्या दिवशी सकाळची ड्यूटी होती, म्हणून बारा ते तीनची उपासना मिळाली नाही. मिळाली असती तरी इथं आपल्यासारखे सात जण प्रभूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वाटून घेत नाहीत. तरी मी उपवास धरला होता आणि तीन वाजल्यावर चहा घेतला, आई, एवढं तुझ्यासाठी लिहिते.

पेशंटचे बिछाने लावताना मी मनातल्या मनात सात उद्गार म्हणत होते आणि दर वेळी तिसऱ्यापाशी थांबत होते. प्रभू वधस्तंभावरून आईकडं बघतो, शेजारी उभ्या शिष्याकडं बघतो आणि तिला त्याच्या हवाली करतो. लहानपणी मला हा उद्गार सगळ्यात साधा वाटायचा. ‘मला तहान लागली आहे’ म्हटलं की रडू यायचं, याला यायचं नाही. आता दुसऱ्यांच्या आयांना आंघोळ घालते, त्यांचे केस विंचरते, आणि तुझ्या गुडघ्यांना तेल कोण लावतं हे फोनवर विचारते, तेव्हा तो उद्गार माझ्यासाठी सगळ्यात जड होतो. एवढ्या यातनेत त्यानं आईची सोय लावून ठेवली. मीही लावली आहे, असं मी स्वतःला सांगते. आत्या आहे, सनी आहे, शेजारच्या काकू आहेत. वाईट वाटून घेऊ नकोस, मी रडत-बिडत नाही.

आता कालची पहाट. मला वाटलं होतं की ईस्टरला कबरस्थानात जाणं फक्त आपल्याकडंच असेल. शनिवारी चुना लावून, तण काढून, रविवारी अंधारात झेंडूची फुलं आणि मेणबत्त्या घेऊन निघायचं, पेटी आणि झांज बरोबर, पाळकसाहेबांच्या मागं. काल इथल्या मंडळीबरोबर मीही गावच्या कबरस्थानात गेले. फटफटायला लागलं होतं, गवत ओलं होतं. ट्रॉम्बोन, ट्रम्पेट अशी पितळी वाद्यं घेऊन वीसेक माणसं उभी होती, त्यात शाळकरी पोरंही होती. त्यांच्या बोटांना गारठ्यानं बाक येत होता, तरी पहिला सूर असा खणखणीत लागला की माझ्या अंगावर काटा आला. पाळकबाईंनी मार्काच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला आणि गेल्या वर्षी मरण पावलेल्यांची नावं एकेक करून घेतली. मग त्या कबरींमध्ये उभं राहून सगळे म्हणाले, ‘तो खरोखर उठला आहे.’ त्यांच्या भाषेत, पण अगदी आपल्याच तोऱ्यात.

नंतर कळलं की ही चाल जर्मनीतलीच. सॅक्सनीतल्या हेर्नहूट या खेड्यात १७३२ साली काही तरुण पहाटे टेकडीवरच्या कबरस्थानात जाऊन ईस्टरची गाणी म्हणाले, पुढच्या वर्षी सगळी मंडळी गेली, आणि मोरावियन पंथाच्या मिशनऱ्यांबरोबर ती रीत दूरदूर पोचली.

नावं घेतली जात होती तेव्हा मी हळूच आज्जीचं नाव घेतलं. तिच्याशिवायचा हा पहिला ईस्टर. तिच्या मातीला मी नव्हते. आई, तू फोन धरून सगळं दाखवलंस, बाबांनी माझ्या नावची मूठमाती दिली, त्याबद्दल मी काही बोलले नाही कारण बोलायला गेले की घसा भरायचा. कुणी मला दोष दिला नाही हेही मला माहीत आहे. व्हिसाचं ते तसंच होतं, निघता येत नव्हतं.

आज्जी ईस्टर कसा सांगायची आठवतंय ना? चाळीस दिवस मटणाला हात लावायची नाही, कोल्हापुरात राहून. ईस्टरच्या सकाळी तांबड्या रश्श्याला फोडणी देता देता सांगायची की प्रभूच्या कबरीकडं गेलेल्या त्या बायका सणाला निघाल्या नव्हत्या, मेलेल्या माणसाचं राहिलेलं काम उरकायला निघाल्या होत्या. शब्बाथ संपल्यावर पदरचे पैसे घालून सुगंधद्रव्यं विकत घेतली, वाटेत एकच काळजी, दगड कोण लोटणार. आणि मग म्हणायची, “ती सुगंधद्रव्यं सगळी वाया गेली बघ. असा खर्च वाया गेलेला बरा.” माझ्या ऐकण्यात कुठल्याच प्रवचनात हे आलेलं नाही. काल मी ते पहिल्यांदा पुरतं समजले. पुनरुत्थानाची बातमी आधी मिळाली ती कर्तव्य करायला आलेल्या, डोळे सुजलेल्या बायकांना. मरिया मग्दालिया तर उठलेल्या प्रभूला माळी समजली, आणि त्यानं नावानं हाक मारली तेव्हा ओळखलं. म्हणून बाबा, तुम्ही विचारलेला अर्थ मला विचाराल तर असा: आज्जीला एक दिवस तिच्या नावानं हाक मारली जाणार आहे. हे खरं असेल तर बाकी सगळा सण खरा, ससा असो नाहीतर नसो. आणि मी हे खरं धरूनच इथं राहते.

यंदा ईस्टर चैत्र पौर्णिमेच्याच आठवड्यात आला, म्हणजे जोतिबाची यात्रा आणि आपला पवित्र आठवडा एकत्रच झाला असणार. लहानपणी तुम्ही कॅलेंडर पुढ्यात घेऊन शिकवायचात, २१ मार्च, मग येणारी पौर्णिमा, मग रविवार. सगळ्या मंडळ्यांनी एकाच रविवारी सण करायचा हे ३२५ साली नायसियाच्या परिषदेत ठरलं, हेही तेव्हाच पाठ झालं. पण माझ्या डोक्यात पौर्णिमा म्हटलं की सासनकाठ्या, ‘चांगभलं’चा गजर आणि गुलालानं लाल झालेले शेजारचे तात्या हेच येतं. त्यांनी प्रसाद आणून दिला का? आपण केक पाठवला का? तो पाठवायचा राहू देऊ नका, आज्जी कधी राहू द्यायची नाही.

आत्या, तू म्हणालीस की घरदार सोडून इतक्या लांब राहायची काय गरज. आपल्या चर्चला ज्यांचं नाव आहे ते अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब १८५२ साली कोल्हापूरला आले. त्यांचा रॉबर्ट १८६३ साली आपल्याच गावात जन्मला. त्यांच्याही मागं कुणीतरी आई, आत्या असतीलच, आणि तेव्हा पत्र पोचायला महिने लागायचे. मी काही मिशनरी नाही, पगारासाठी आले आहे, ते मी लपवत नाही. पण लांब राहिलेलं माणूस घराला पारखं होतं असं नाही, एवढं मान.

आता कामाचं. या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त पैसे पाठवले आहेत. त्यातून आधी पतसंस्थेचा हप्ता भरा, माझ्या जर्मनच्या क्लाससाठी काढलेलं कर्ज दिवाळीपर्यंत फिटेल. उरलेले आज्जीच्या कबरीच्या दगडासाठी. काळा दगड बघा, संगमरवर पावसानं डागाळतो. वचन कुठलं कोरायचं ते आत्यानं ठरवावं, शेवटी रात्री जागून आज्जीचं तिनंच केलं.

सनीच्या लग्नाचं. उपवासकाळ संपला, म्हणजे आता चर्चमध्ये तीन रविवार नावं वाचतील आणि मे महिन्यात लग्न. मी येऊ शकत नाही. माझ्या नर्सिंगच्या मान्यतेची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आहे, ती चुकली तर पगार वाढत नाही आणि पुढची तारीख कधी मिळेल ते सांगता येत नाही. मी वॉर्डात दोनदा बोलून पाहिलं. सनीला मी स्वतः फोनवर सांगितलंय, तो ‘चालतंय गं’ म्हणाला. तो तसंच म्हणणार. मंडपाचे आणि जेवणाचे पैसे माझ्याकडून, यावर वाद नको.

मिरजेच्या स्थळाबद्दल: मुलाचा नंबर पाठवा, मी बोलेन. नाही म्हणत नाही. पण त्यांना आधीच स्पष्ट सांगा की निदान तीन वर्षं मी इथंच असणार, आणि नोकरी सोडायची अट असेल तर पुढं जाऊ नये.

आणि आज्जीचा कोल्हापुरी साज. तो माझ्या लग्नासाठी ठेवलाय हे मला माहीत आहे, आज्जीनं तसं सांगितलंही होतं. तो सनीच्या बायकोला लग्नात घाला. माझं कधी होईल तेव्हा बघू, आणि घरात पहिली सून येताना आज्जीचं काहीतरी तिच्या गळ्यात असावं. एक मणी सैल झालाय, तो गुजरीत सोनाराकडं नेऊन बसवून घ्या, आणि काम होईपर्यंत आत्यानं समोरच बसावं.

सगळ्यांना ईस्टरच्या शुभेच्छा.

तुमचीच,
प्रीती