सिद्ध्या, तुझं नाव राहिलं

सोलापूर
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय सिद्ध्या,

चार महिने झाले बे तुला धड काही लिहून. व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवणं म्हणजे बोलणं नव्हे, माहीत आहे मला. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच चाकणच्या ट्रॅफिकवर सुरू होणार, मी पण हो ला हो करणार आणि सांगायचं ते राहूनच जाणार, म्हणून टाइप करायलोय. रात्रीचे साडेअकरा झालेत. अम्माची शुगर आटोक्यात, नानांचा खोकला तसाच, मी ठीक. झाली खुशाली.

आता ऐक. मी तुझ्याशी एक वाईट गोष्ट केलीय आणि तुला ती कळणारही नव्हती, म्हणूनच जास्त लागायलंय.

परदेशात मास्टर्सला जायच्या ॲप्लिकेशनचं करायलोय ते तुला माहीतच आहे. यादी घासून घासून पाचवर आणलीय, अमेरिकेत दोन, जर्मनीत आखेन आणि म्युनिक, आणि नेदरलँड्समधलं डेल्फ्ट. झुरिकच्या ईटीएचची मुदत ३० नोव्हेंबरला संपली, तो अर्ज भरलाच नाही. अमेरिकेतल्या दोन्हींची मुदत १५ डिसेंबर, त्यातला एक मी गेल्या रविवारी सबमिट केला. त्याचंच सांगायचंय.

तीन शिफारसपत्रं लागतात. तिसऱ्यासाठी मी आपल्या लूमच्या सेन्सरवाल्या प्रोजेक्टच्या सरांकडे गेलो. सर चांगले वागले, चहा पाजला, तुझी चौकशी केली, आणि जे सगळ्यांना म्हणतात तेच म्हणाले, तूच ड्राफ्ट करून पाठव, मी बघून अपलोड करतो. त्यांच्यामागे परीक्षेचं काम, वीस पोरं रेको मागायला रांगेत, मी त्यांना काही म्हणत नाही. आपल्याकडे असंच चालतं आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं तेव्हा.

मग मी पुण्याच्या त्या कन्सल्टन्सीवाल्याला ड्राफ्ट दाखवला, ज्याला नानांनी आधीच पैसे भरलेत. मी लिहिलं होतं 'आम्ही दोघांनी'. तो म्हणाला, आम्ही आम्ही करू नको, कमिटीला तू काय केलंस ते कळत नाही, 'मी' लिही. आता हे अर्धं खरं आहे बरं का. त्यांना एका पोराला घ्यायचं असतं, गटाला नाही, तेव्हा आपला वाटा नेमका सांगावाच लागतो. पण त्यानं माझा वाटा वेगळा काढला नाही, सगळ्या वाक्यांतला 'आम्ही' पुसून 'मी' केला. आणि मी ते तसंच सरांना पाठवलं. वर त्यानं 'कापडातले दोष ३० टक्के कमी झाले' असंही घातलं. तीस टक्के! आपण सेन्सर सहा दिवस, एका लूमवर चालवला होता, आणि त्यातला एक दिवस लाइट गेली होती.

सरांनी अपलोड केलं. मेल गेल्यापासून सहा मिनिटांत. वाचलं नसणार.

तर त्या पत्रात काय आहे ऐक. त्यात मी एकट्यानं पॉवरलूमसाठी ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटल्याचं ओळखणारा स्वस्त सेन्सर बनवला. कापसाच्या रुईनं सेन्सरची काच झाकून लूम उगाच थांबत होता, त्यावर मी एकट्यानं उपाय शोधला. टॉवेलच्या पाइलचा, म्हणजे वरच्या वेटोळ्यांचा, ताणा मुळातच ढिला असतो, तो लोंबकळला तरी सेन्सरला तार तुटली वाटायची, म्हणून मी एकट्यानं सेन्सर मागे, पाइलचा आणि खालच्या कापडाचा असे दोन ताणे एकत्र यायच्या आधी बसवला.

सिद्ध्या, कोड माझा होता. बाकी काय माझं होतं? स्केचपेनच्या रिकाम्या नळ्या तू आणल्यास, तुझ्या भाचीच्या दप्तरातून, ती दोन दिवस रडली. आतून काळा रंग दिलास, एका नळीत एलईडी आणि समोरच्या नळीत रिसीव्हर, की रुई उडाली तरी काचेपर्यंत पोचू नये. मला अजून ते दिसतंय, तू कारखान्यात बीमखाली पालथा पडलेला, केसांत पांढरी रुई, लूम दुरुस्त करणारे जॉबर मामा म्हणताहेत ए पोरा पट्ट्यापासून लांब सरक, आणि तू तोंडात फेव्हिक्विकचं टोपण धरून 'हां, हां' करतोयस. मागे बसवायचं पण तूच म्हणालास, मी त्यावर अर्धा तास वाद घातला होता.

वाद म्हटलं की प्रदर्शनाचा दिवस आठवतो. तू बेल्ट आणायला अशोक चौकात गेलेला, जज लवकर आले आणि मी डेमो दिला. तू परत आलास ते तोंड पाडून, आणि पंधरा दिवस बोलला नाहीस. तेव्हा मी छातीठोक सांगत होतो की मी 'आम्ही' म्हणालो, विचार कुणालाही. आणि खरंच म्हणालो होतो रे! ती खोली चाळीस माणसांची होती, तिथं तुझं नाव घेतलं. आणि जिथं कुणीच बघत नव्हतं तिथं नाही घेतलं. (हुरड्याच्या पार्टीत माझ्या वाटणीची शेंगाचटणी तू संपवलीस ते मात्र मी अजून माफ केलेलं नाही, हा हिशोब वेगळा.)

अजून पुढचं राहिलंच. फॉर्मवर एक प्रश्न असतो. अमेरिकेत १९७४ चा एक कायदा आहे, विद्यार्थ्याला स्वतःचे शैक्षणिक रेकॉर्ड बघायचा हक्क देणारा. तर फॉर्म विचारतो, ही शिफारसपत्रं बघायचा हक्क तू सोडतोस का? सगळे सांगतात हो कर, म्हणजे गुरुजींनी मोकळेपणानं लिहिलंय असा त्यांचा विश्वास बसतो. मी 'हो'वर टिक केली तेव्हा बाजूच्या टॅबमध्ये तेच पत्र उघडं होतं. मीच लिहिलेलं. हात थांबला माझा, पण फी भरून झाली होती, रात्रीचे दोन वाजले होते, केली टिक.

त्या दिवसापासून झोप नाही. तू म्हणशील लई विचार करतोस. पण चौथीत आपण भैय्या चौकात कोटणीस स्मारकाला गेलो होतो आठवतंय? बाई सांगत होत्या, १९३८ साली पाच डॉक्टर चीनला गेले, त्यातले आपले सोलापूरचे कोटणीस. आणि तू हात वर करून विचारलंस, बाकीचे चार कोण बाई? बाईंना सांगता आलं नाही आणि तुला खाली बसवलं. परवा रात्री मी शोधली ती नावं. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी. पंधरा वर्षांनी उत्तर देतोय तुला.

नानांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या डोक्याला पैशाचा घोर पुरेसा आहे. सप्टेंबरात अमेरिकेनं नव्या एच-वन-बी, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जावर १ लाख डॉलर लावल्यापासून ते रोज म्हणतात जर्मनीच बघ. जर्मनीला एपीएसचं, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री तपासल्याचं, सर्टिफिकेट लागतं, त्याचे १८,००० भरून झाले. मग ब्लॉक्ड अकाउंट, ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ काढायचे. नाना म्हणाले, आपलेच पैसे आपल्याला हप्त्यानं देणार? म्युनिकला तर २०२४ पासून युरोपबाहेरच्या पोरांना फी पण लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४ ते ६ हजार युरो. आठ लूमचा कारखाना तारण ठेवायची भाषा चाललीय घरात. ज्या कारखान्यात तू पालथा पडला होतास तोच. आता तूच सांग, तो गहाण टाकून जायचं आणि जायचं ते या पत्रावर?

काल मी सरांकडे परत गेलो. लॉगबुक घेऊन, आपलं निळ्या कव्हरचं. म्हटलं सर, मी ड्राफ्टमध्ये सिद्धारामचं काम माझ्या नावावर लिहिलं, आकडा पण खोटा आहे, उरलेल्या चारांसाठी तुम्ही स्वतः लिहा, दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वही चाळत बसले. तुझं ते नळीचं चित्र आलं तिथं थांबले आणि म्हणाले, हा पोरगा कुठाय आता? मी सांगितलं. वही ठेव म्हणाले. लिहितो म्हणाले नाहीत. बघू.

एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं स्वतःबद्दलचं निवेदन, मी नव्यानं लिहिलाय. त्यात तुझं नाव आहे, तुझं काम वेगळ्या परिच्छेदात आहे, आणि सहा दिवस एक लूम हेच आहे. माझा भाग म्हणजे कोड, आणि तार नेमकी कुठल्या बाजूला जास्त तुटते ते मोजायचं ठेवलं ते. एवढंच दिसतं आणि ते कमी दिसतं, पण मला त्याची लाज वाटत नाही. राहता राहिला तो सबमिट झालेला. तिथल्या ॲडमिशन ऑफिसला मेल लिहून पत्र मागे घ्या म्हणू का? म्हटलं तर तिथला अर्ज गेलाच समज, आणि सरांचंही नाव खराब होईल, तेच मला अडवतंय. हे मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. तू चिडलास तर चीड, पण चिडून गप्प बसू नको, पंधरा दिवस तर अजिबात नको, मुदत आठ दिवसांवर आहे.

वहिनींना कितवा चालू आहे? बारसं सोलापुरात करा, अम्मा विचारत होती. तुझी नाइट शिफ्ट संपली का? गड्ड्याला ये जानेवारीत, ये बे.

आणि एक. वही सरांकडे द्यायच्या आधी तुझ्या पानाचा फोटो काढलाय, सोबत टाकतोय. नळीच्या चित्राखाली तू काहीतरी लिहिलंयस, 'लांबी ४' नंतर, ऑइलचा डाग पडलाय तिथं. इंच की सेंटीमीटर? एसओपीत बरोबर जायला पाहिजे. उद्या सकाळपर्यंत सांग.

तुझा,
श्रीन्या