मंकीजच्या बाजूने

पुणे
२१ जुलै

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. "जाहिरात देऊन जमवलेली पोरं ती, त्यांना कसले म्युझिशियन म्हणायचं?" हे तुझं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. मंकीज या साठच्या दशकातल्या अमेरिकन टीव्ही मालिकेतल्या बँडबद्दल तू लिहिलंस ते अर्धं खरं आहे. पण त्या अर्ध्या खऱ्या गोष्टीपायी त्या चौघांवर इतकी वर्षं अन्याय होत आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जे खरं आहे ते आधी मान्य. जाहिरात होती. सप्टेंबर १९६५मध्ये हॉलिवूडच्या सिनेधंद्याच्या दैनिकांत ती छापून आली: टीव्ही मालिकेसाठी चार अवली पोरं हवीत, वय १७ ते २१, गाता-वाजवता आलं पाहिजे. ४३७ जणांनी नशीब आजमावलं. बॉब राफेलसन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी त्यातून आणि ओळखीपाळखीतून चौघे निवडले. मायकेल नेस्मिथ आणि पीटर टॉर्क आधीपासून क्लबांत गाणारे-वाजवणारे. डेव्ही जोन्स इंग्लंडचा, रंगभूमीवरचा, टोनी पुरस्काराचं नामांकन मिळवलेला. मिकी डोलेंझ बालनट म्हणून पुढे आलेला. गिटार वाजवायचा, गळा तर फारच चांगला, पण ड्रम येत नव्हते. मालिकेतल्या बँडला ड्रमर हवा होता, म्हणून त्याला ड्रमवर बसवलं. १२ सप्टेंबर १९६६ला एनबीसीवर पहिला भाग लागला.

पहिल्या दोन अल्बमवरचं वादन बहुतांश दुसऱ्यांचं, हेही खरं. 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल' लिहिलं टॉमी बॉइस आणि बॉबी हार्टनं, वाजवलं त्यांच्याच साथीदारांनी. सुरुवातीचा तो गिटारचा तुकडा लुई शेल्टनचा. 'आय अ‍ॅम अ बिलिव्हर' नील डायमंडचं, त्याचा ट्रॅक जेफ बॅरीनं न्यूयॉर्कच्या वादकांकडून वाजवून घेतला. संगीताचा सगळा कारभार मालिकेचा संगीत-व्यवस्थापक डॉन कर्शनरच्या हातात. पोरं दिवसभर मालिकेचं शूटिंग करायची आणि रात्री स्टुडिओत येऊन तयार ट्रॅकवर गायची.

आता हे असं का व्हायचं ते बघ. अमेरिकेत वादकांच्या युनियनचं एक सेशन तीन तासांचं. त्यापुढे गेलं की जादा पैसे. तेवढ्या वेळात दोन-तीन गाण्यांचे ट्रॅक पदरात पडले तर हिशेब जमतो. टेपवर ट्रॅक, म्हणजे आवाज वेगवेगळे साठवायच्या पट्ट्या, चारच. त्यामुळे ड्रम आणि बेस बहुतेक वेळा एकाच ट्रॅकवर जायचे. बेसवाल्याची एक नोट चुकली तर ती एकटी पुसता येत नाही, सगळ्यांना पुन्हा वाजवावं लागतं. नव्या बँडचं नेमकं इथेच बिनसतं. ड्रमर कडव्यात लय नीट धरतो, मग ध्रुपदाच्या आधीच्या भरावात, म्हणजे ड्रमच्या जोडतुकड्यात, हात पळतो आणि ध्रुपद मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी जलद होऊन बसतं. बेसचं बोट आणि बेस ड्रमचा पाय एकत्र पडले नाहीत की खालचा आवाज चिखलासारखा लिबलिबीत होतो. बारा तारांची गिटार दिव्यांच्या उष्णतेनं उतरते आणि तिच्या जोडतारा आपसात भांडायला लागतात. यातलं एकेक निस्तरत बसलं तर तीन तासांत एक गाणंसुद्धा होत नाही. म्हणून कंपन्या हॅल ब्लेन, कॅरॉल के, लॅरी नेक्टेल अशा कसलेल्या मंडळींना बोलवायच्या. कागद समोर आला की ही माणसं पहिल्या-दुसऱ्या टेकमध्ये ट्रॅक हातात देत.

ही सोय फक्त 'बनवलेल्या' बँडांची होती असं तू धरून चाललायस, आणि माझं भांडण तिथेच आहे. बर्ड्स हा तुझ्या लेखी अस्सल बँड. जानेवारी १९६५मध्ये 'मिस्टर टॅम्बुरिन मॅन' रेकॉर्ड झालं, तेव्हा बँडमधल्या एकट्या रॉजर मॅग्विननं वाद्य वाजवलं, ती त्याची बारा तारांची गिटार. ड्रमवर ब्लेन, बेसवर नेक्टेल. बीच बॉइजच्या 'पेट साउंड्स'वरही मुख्यतः हीच मंडळी. त्या दोघांना कुणी बाहुल्या म्हणत नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांचा कणा म्हणजे जेम्स जेमर्सनचा बेस. त्याचं नाव कव्हरवर यायला १९७१ उजाडावं लागलं.

आणि "ते नुसतं गायचे" हे तुझे शब्द. नुसतं? त्या काळी आवाज भरीव व्हावा म्हणून गाणाऱ्याकडून तीच ओळ दोनदा गाऊन घेत आणि एकावर एक ठेवत. दुसऱ्यांदा गाताना शब्दाची सुरुवात जुळते, शेवट जुळता जुळत नाही. ओळीच्या टोकाला 'स' किंवा 'ट' आला की दोन्ही वेळचे 'स' पुढेमागे पडतात आणि फुसकारा दोनदा ऐकू येतो. उपाय असा की दुसऱ्या वेळी शेवटचं व्यंजन गिळायचं, नुसता स्वर सोडून द्यायचा. दोन आवाजांत केसभर फरक असेल तर गोडवा येतो, त्याहून जास्त झाला की बेसूर. हेडफोनमध्ये साथ फार मोठी ठेवली तर स्वतःचा सूर ऐकू येत नाही आणि गाणारा हळूच उतरतो. म्हणून एक कान उघडा ठेवायचा. पण मग त्या मोकळ्या हेडफोनमधली साथ माइकमध्ये शिरते, तेव्हा ती वाटी डोक्यावर घट्ट दाबून धरायची. हे सगळं सांभाळत, दिवसभर शूटिंग करून आल्यावर, गाण्यात जीव ओतायचा.

डोलेंझचं १९६७चं 'गोइंग डाउन' एकदा मन लावून ऐक. शब्द इतके दाट की श्वासाला फटच नाही. आपल्याकडे पोवाड्यात शाहीर ओळीचं टोक झीलकऱ्यांवर सोडतो आणि 'जी जी रं जी जी' चालू असताना दम भरून घेतो. इथे झीलकरी नाहीत. हा एकटा शब्दांच्या पोटात श्वास चोरत पुढे जातो आणि लय तसूभर सोडत नाही. दमसासाची ही तयारी जाहिरातीतून मिळत नाही.

आता हेडक्वार्टर्स या त्यांच्या तिसऱ्या अल्बमकडे येतो, कारण या वादातली माझी खरी साक्ष ती आहे. दुसरा अल्बम जानेवारी १९६७मध्ये या चौघांना विचारल्याशिवाय बाजारात आला आणि पुढे १८ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. यशाच्या त्या शिखरावर नेस्मिथनं पत्रकारांना स्वतःहून सांगितलं की ही वाद्यं आम्ही वाजवलेली नाहीत. कंपनीच्या माणसांसमोर झालेल्या बैठकीत त्यानं हॉटेलच्या भिंतीला बुक्का मारून भोक पाडलं. फेब्रुवारीत कर्शनरला काढून टाकलं. चौघे स्टुडिओत शिरले, सोबत निर्माता म्हणून टर्टल्समधला चिप डग्लस. बहुतेक गाण्यांवर बेसही त्यानंच धरला. नेस्मिथ गिटार आणि पेडल स्टील, टॉर्क पियानो, ऑर्गन, बँजो, जोन्स खंजिरी आणि माराकास, आणि ड्रमवर वर्षभरापूर्वी काठी धरायला शिकलेला डोलेंझ. तो उजव्या हाताचा आणि डाव्या पायाचा, त्यामुळे ड्रमची मांडणीही त्याच्या सोयीनं वेगळी.

कान लावून ऐकलंस तर काठीचा नवखेपणा कळतो. भराव साधे आहेत, एखाद्या ठिकाणी लय किंचित पुढे सरकते. पण चौघे एकमेकांचं ऐकत वाजवतायत, हेही तितकंच कळतं. 'शेड्स ऑफ ग्रे'मध्ये सुरुवातीचा पियानो टॉर्कचा. चेलो आणि फ्रेंच हॉर्न वाजवायला बाहेरचे वादक बोलावले, पण काय वाजवायचं ते नेस्मिथ आणि टॉर्कनं ठरवलं. मे १९६७मध्ये अल्बम आला, एक आठवडा पहिला राहिला, मग बीटल्सचा 'सार्जंट पेपर' आला आणि हा दुसऱ्या क्रमांकावर ठाण मांडून बसला. पुढच्या अल्बमला ड्रमवर पुन्हा बाहेरचा माणूस आला, एडी हो. त्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. आपल्याला काय जमतं आणि कुठे दुसऱ्याचा हात लागतो हे एव्हाना त्यांना कळलं होतं, आणि निर्णय त्यांचा होता. त्याच अल्बमवर मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आहे. तो इतक्या लवकर वापरणाऱ्या पॉप बँडांत मंकीज येतात. 'डेड्रीम बिलिव्हर'च्या सुरुवातीचा पियानो आठव, तोही टॉर्कचाच.

अरे, आपण तर प्लेबॅकवर वाढलेली माणसं. 'महल'मध्ये पडद्यावर मधुबाला, गळा लताबाईंचा, चाल खेमचंद प्रकाशांची, आणि १९४९च्या त्या तबकडीवर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पात्राचं! लताबाईंनी व्हायोलिन वाजवलं नाही म्हणून त्या कलावंत नाहीत, असं म्हणायची कुणाची छाती आहे? मुंबईच्या स्टुडिओंत वाद्यमेळ मांडून देणारे सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हे गोव्याचे. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्टाफ नोटेशन शिकलेली अशी माणसं होती म्हणून संगीत दिग्दर्शकाची गुणगुणलेली चाल पन्नास वादकांच्या हातात जायची. श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधायला गेलास तर बहुतेक वेळा हात हलवत परत येशील. मला राग येतो तो या गोष्टीचा. गाणाऱ्याचा मान वादकानं हिरावलेला नसतो आणि वादकाचा गाणाऱ्यानं. दोघांमध्ये नाव खाणारा तिसराच कुणीतरी असतो.

म्हणूनच मिली व्हॅनिली या पॉप जोडीला मी या रांगेत उभं करत नाही. तिथे पडद्यामागे गाणारे वेगळे, पुढे नाचणारे दोघे वेगळे, आणि कव्हरवर 'गायक' म्हणून नाव नाचणाऱ्यांचं. १९८९मध्ये कनेटिकटमधल्या कार्यक्रमात चालू ध्वनिफीत अडकली, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजू लागला. पुढच्या वर्षी त्यांचं ग्रॅमी परत घेतलं गेलं. तोंडं हलवली त्या दोघांची जगभर छी-थू झाली, आणि हा सगळा घाट घालणारा निर्माता फ्रँक फारियान पुढेही काम करत राहिला. चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस, ब्रॅड हॉवेल ही खऱ्या गळ्यांची नावं आजही किती जणांना ठाऊक आहेत?

कोरियन बँडांवरही तू एक ओळ खरडली आहेस. तिथे कंपनी कोवळ्या वयाची पोरं निवडते आणि कित्येक वर्षं गाणं-नाच शिकवून मग बाहेर काढते. कराराचा जाच खरा आहे. २००९मध्ये एका गाजलेल्या बँडमधले तिघे १३ वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले, त्यानंतर नमुना करार सात वर्षांवर आला. पण जाच सोसणाऱ्याची कला त्यामुळे खोटी ठरत नाही. स्ट्रे किड्समधले तिघे बँडची गाणी स्वतः लिहितात, बांधतात. ते खरोखर गातायत का हे पाहायचं असेल तर साधी खूण सांगतो. त्यांच्याकडे दोन तऱ्हेचे ट्रॅक असतात: एकात गळ्यासकट सगळं, त्याला एआर म्हणतात, दुसऱ्यात नुसती साथ, तो एमआर. उडी मारून पाय टेकतात त्या क्षणी आवाजाला धक्का बसतो का ते ऐक. ओळ संपताना श्वास ऐकू येतो का? हातातला माइक तोंडापासून लांब गेला की आवाज बारीक होतो का? हे तिन्ही होत असेल तर गळा तिथलाच आहे.

पावसानं इथे उच्छाद मांडलाय, बाहेर पडायची सोय नाही. तिथेही तेच असेल, तर रविवारी हेडफोन लावून बस. आधी 'लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल', लगेच त्यावर हेडक्वार्टर्स पहिल्यापासून शेवटपर्यंत. ड्रमवर लक्ष ठेव. दोन्हींत काय फरक वाटला ते कळव, आणि 'शेड्स ऑफ ग्रे'चा पियानो ऐकून झाल्यावरही मत तेच राहिलं तर तसंही बिनधास्त लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद